मराठी न कळणारी निवटी

मी लोला बोलतेय. मराठीत बोलतेय म्हणून दचकू नका. मला पहिल्यापासून मराठीच येते, आगरी तर त्याहून बरी येते, आणि कारखान्यातली हिंदीही समजते. पण अंजूरच्या एका घरात दीड वर्षाहून जास्त काळ मी मराठीचं एक अक्षर कळत नसल्याचं सोंग केलं. सोंग इतकं वठलं की त्यापायी एक पोर मुकी झाली. तेवढं सांगायचं आहे, मग मी गप्प बसेन. तशी मी गप्पच असते. मी हातात घालून बोलवायची कापडी बाहुली आहे. आत कुणाचा हात नसला तर माझं तोंड उघडत नाही.

माझा जन्म भिवंडीजवळच्या शेलार गावचा. तिथल्या एका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, एका वयस्कर कारागिराने मला विणलं. धागा तुटला की बाकीचे लूमला शिव्या घालायचे, हा समजूत काढायचा. "चल मेरी माँ, थोडा और चल. शिफ्ट खतम होने को है." पण लूम काही ऐकलं नाही. माझ्या कापडात चार जागी दाग पडला आणि मालकाने तो अख्खा तागा बाजूला टाकला. असलं कापड शेलारच्या घराघरांत सापडतं. कुठे त्याचं फडकं होतं, कुठे उशीचा अभ्रा. माझ्यावर एका बाईने दोन उन्हाळे पापड वाळवले. अजून माझ्या अंगाला हिंगाचा वास येतो, असं लोक म्हणतात. मला काही येत नाही.

त्या पापडवाल्या बाईची मुलगी क्षितिजा. तिचं सासर अंजूरला. नवरा मितेश वेल्डर. आधी बोटीवर होता, मग स्पेनमधल्या कादिझ नावाच्या बंदरात जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागली. बायको आणि मुलीला तिकडे न्यायचं ठरलं होतं, फक्त कागद व्हायचे होते. मुलीचं नाव तुळजा. ती तेव्हा चार वर्षांची होती. सहाव्या वर्षी तिला तिथल्या शाळेत बसावं लागणार होतं, आणि तिथल्या शाळेत सगळं स्पॅनिशमध्ये.

मितेश फोनवर म्हणायचा, "अगं, लहान पोरं महिन्याभरात शिकतात. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

पण एकदा क्षितिजाने सासूला कारण सांगितलं, तेव्हा मी माहेरून आलेलं नुसतं कापड होते आणि तिच्या मांडीवर पडले होते. ती चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, वर्गात पहिली यायची. पाचवीत वडिलांनी उचलून भिवंडीच्या इंग्रजी शाळेत घातलं. "आई, एक वर्ष मी तोंड उघडलं नाही. बाईंनी विचारलं की उभी राहायची आणि बाईंच्या चपला बघायची. मुलींना वाटायचं मला ऐकू येत नाही. एकदा लघवीला जायचं कसं विचारायचं ते कळलं नाही म्हणून चार तास बसून राहिले. माझ्या तुळूचं तसं नको."

सासू, म्हणजे जानकीबाई, सुपातल्या सुकटीतला कचरा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग शिकव ना. कोन नको म्हनतंय?"

सांगणं सोपं असतं. क्षितिजाला स्वतःलाच स्पॅनिश येत नव्हतं. ती मोबाईलवर शिकायची, वहीत उतरवून घ्यायची, भाकऱ्या थापताना पुटपुटायची. तुळजासाठी तिने काय काय केलं! आधी मोबाईलवरचा खेळ आणला. बरोबर उत्तर दिलं की त्यात तारे पडायचे. तुळजाने तीन दिवसांत तारे पाडायची युक्ती शोधली आणि शब्द एकही शिकली नाही. मग भिंतीवर तक्ता लावला. तुळजाने त्यातल्या घोड्याला मिश्या काढल्या. मग रोज संध्याकाळी अर्धा तास मांडी घालून धडा सुरू झाला. पाचव्या दिवसापासून वही दिसली की पोटात दुखतंय म्हणत पोर कणगीमागे जाऊन बसायची. मुलांच्या पोटात दुखायला वहीइतकं चांगलं औषध दुसरं नाही.

म्हणून मग मी. क्षितिजाला बेडूक करायचा होता. तिने मला हिरवा रंग दिला, तो धुताना निघून गेला आणि मी चिखलाच्या रंगाची झाले. डोळ्यांना दोन मोठी बटणं लावली, तीही अगदी माथ्यावर. जानकीबाईंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, बेडूक कुठला? डोले बग कसं डोक्यावर आलं. ही त निवटी हाय!"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी छोटी मासळी. ओहोटी लागली की अंजूरच्या पोरांना ती पकडायचा नाद. तुळजाने मला उचललं आणि निवटी म्हणूनच छातीशी धरलं. लोला हे नाव क्षितिजाने ठेवलं. आणि एक नियम केला. निवटी स्पेनच्या खाडीतून आली आहे, तिला मराठी कळत नाही.

एवढीच युक्ती होती. पण काय लागू पडली म्हणून सांगू! पहिल्या दिवशी तुळजा मला म्हणाली, "तुला भूक लागली?" मी मान हलवली आणि क्षितिजाच्या आवाजात म्हणाले, "नो एन्तिएन्दो." म्हणजे कळत नाही. तिने बोट तोंडाकडे नेलं, पोट चोळलं, ओरडून बघितलं. मी आपली ढिम्म. शेवटी आईकडे धावली. "मम्मी, हिला भूक कसं विचारायचं? लवकर सांग, ती उपाशी हाय!"

अर्धा तास मांडी घालून जे झालं नाही ते माझ्या उपासाने झालं. त्या पोरीला स्पॅनिश शिकायचंच नव्हतं. तिला मला जेवू घालायचं होतं, अंघोळ घालायची होती, शाळेत कुणी चिमटा काढला ते सांगायचं होतं. त्यासाठी शब्द लागायचे, म्हणून ती ते आईकडून मागून आणायची. पाण्याला आग्वा, दुधाला लेचे. चिंबोरीला, म्हणजे खेकड्याला, काय म्हणतात ते क्षितिजालाही माहीत नव्हतं. मोबाईलमध्ये शोधलं तर निघालं कान्ग्रेखो. त्या दिवशी घरात जानकीबाईंसकट सगळे कान्ग्रेखो, कान्ग्रेखो करत फिरत होते.

मी मुद्दाम वेड्यासारखं वागायचे. चमचा कानात घालायचे. भाकरी डोक्यावर ठेवायचे. मग तुळजा कमरेवर हात ठेवून मला रागवायची, अगदी तिच्या बालवाडीच्या बाई रागवायच्या तशी, पण स्पॅनिशमध्ये. चुकीचं असायचं बरंचसं. क्षितिजा चूक काढायची नाही. माझ्या तोंडून तेच वाक्य बरोबर करून परत म्हणायची आणि पुढे जायची. दहा मिनिटं, फार तर पंधरा. पोरगी रंगात आली की क्षितिजा मला झोप आल्याचं सांगून टोपलीत ठेवायची. त्यामुळे तुळजाला माझी भूक कायम राहायची. शिकवणारणीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला ते बरोबर समजलं होतं.

आमची जागा मागच्या दारची पायरी. समोर पूर्वी शेत होतं, आता गोडाऊनची निळी भिंत. त्या भिंतीआड दिवसभर ट्रक मागे घेताना पिंपिं करत असायचे. तिथे बसून एकदा तुळजाने मला कानात एक गुपित सांगितलं. आजोबांचा चष्मा तिच्या पायाखाली आला होता, तो तिने तांदळाच्या डब्यात लपवला होता. हे सगळं तिने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, चार शब्द आणि बाकी हातवारे. मराठीत सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं. मला सांगितलं तर घरात कुणाला कळणार नाही, असा तिचा हिशेब. क्षितिजाचा हात माझ्या आत हसून हसून थरथरत होता. मी म्हणेन, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस.

पण गुणी पोर घरात असली की ते घराला पचत नाही.

तुळजाचे आजोबा चांगदेव. मनाने मोठा माणूस. सुनेने मोबाईल घेऊन बसू नये असं गावात चार जण म्हणाले तेव्हा, "तुमचं काय जातंय?" म्हणून त्यांना गप्प करणारे हेच. त्यांना नातीचा इतका अभिमान की पोटात मावेना. पाहुणा चहाला टेकला की हाक यायची, "तुले, ये बाय इकडं. पावण्यांना ते तुजं बोलून दाखव." तुळजा आली की पाहुणा म्हणायचा, "बोल बोल, आमालाबी शिकव." पोर दोन शब्द कशीबशी म्हणायची. पाहुणा हसायचा आणि गोडाऊनच्या भाड्याकडे वळायचा.

माणसांची ही एक सवय मला कधी समजली नाही. झाडाला कळी आली की ती बोटांनी उघडून बघायची. प्रत्येक वेळी अशी बोलून आली की तुळजा पायरीवर माझ्याशी थोडी कमी बोलायची. क्षितिजाच्या ते लक्षात आलं होतं. एकदा ती सासऱ्यांना म्हणालीही, "बाबा, तिला सगळ्यांपुढे नका ना बोलवू." चांगदेव म्हणाले, "अगं, सवय व्हाया नको काय? तिकडं सगले परकेच हायत." हे बोलणं खोटंही नव्हतं.

मग माघात भावेशची हळद आली. भावेश हा मितेशचा धाकटा भाऊ, तुळजाचा काका. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. सकाळपासून धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात होती आणि जानकीबाई तिच्या मागे सूर धरत होत्या. दारापुढे मांडव, स्टेज, बेंजोवाले, फुलांच्या कमानी. आणि माईकवर पंढरीशेठ. गावातली कुठलीही हळद असो, माईक त्यांच्याच हातात. आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव, पद घेऊन ते स्वागत करतात. नाव घ्यायचं राहिलं तर माणूस वर्षभर रुसतो, म्हणून मध्येच गाणं थांबवूनही नाव घेतात.

दुपारी चांगदेव क्षितिजाला म्हणाले, "सूनबाय, तुलीला तयार ठेव. स्टेजवर दोन शब्द बोलंल."

"बाबा, ती नाही बोलायची एवढ्या लोकांत."

"एकटी कुठं हाय? लोला घे ना संगती. लोलाशी त बोलते."

क्षितिजाने नाही म्हणायला हवं होतं, तिला ते माहीत होतं. पण दीड वर्ष ती शेजारणींचे टोमणे ऐकत होती. नवरा तिकडे, आणि ही फोनवर कुणाशी परदेशी बोलते कोण जाणे, असले. एकदा सगळ्यांनी कानांनी ऐकावं, असं तिला वाटून गेलं. तिलाच कशाला दोष देऊ? मलाही हाव सुटली होती. पापड वाळवायच्या कापडाला कुणी स्टेजवर बोलावतं का कधी?

दिवे लागले तशी आम्ही वर गेलो. तुळजाने पिवळा फ्रॉक घातला होता, गालांना हळद. समोर माणसंच माणसं, आणि प्रत्येक हातात मोबाईल वर धरलेला. पंढरीशेठ गरजले, "आणि आता आपल्या चांगदेवशेठची नात, कुमारी तुळजा मितेश! थेट स्पेनच्या भाषेत आपलं मनोगत व्यक्त करणार हाय! टाळ्या!"

क्षितिजा गुडघ्यावर बसली, मला हातात घातलं. मी विचारलं, "कोमो ते यामास?" म्हणजे तुझं नाव काय. हा आमचा सगळ्यात जुना खेळ. रोज मी नाव विसरायचे आणि रोज तुळजा कपाळावर हात मारून सांगायची.

ती काही बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. पंढरीशेठनी माईक तिच्या तोंडाला लावला. मांडवातून कुणीतरी शिट्टी मारली. तुळजाने माझी किनार मुठीत घट्ट धरली, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि हळूच म्हणाली, "लोला, मना खाली जायचंय. चल ना घरी."

माईक तिथेच होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं. एकच हशा उठला. "आरं, ही त आगरीच बोलते!"

क्षितिजाचा हात माझ्या आत गार पडला होता. त्या हाताची नस न् नस मला कळते. तिला पोरीला उचलून खाली उतरायचं होतं. पण दीड वर्षात नियम एकदाही मोडला नव्हता. इथे मोडला तर खेळ कायमचा संपेल, असं तिला वाटलं. अजून एकदा विचारलं तर बोलेल, आता बोलेल, असंही वाटलं. आणि मग तो हात हलला. माझी मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली.

"नो एन्तिएन्दो," मी म्हणाले.

तुळजा माझ्याकडे बघत राहिली. "लोला, मना भ्या वाटतंय."

मला कळत होतं. प्रत्येक शब्द कळत होता. शेलारात जन्मलेल्या, अंजूरच्या मातीत लोळलेल्या मला 'भ्या' कळत नाही? पण मी पुन्हा मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाले.

तिसऱ्यांदा ती काही म्हणाली नाही. तिने माझी किनार सोडली. पिवळ्या फ्रॉकखालून पाणी ओघळून स्टेजचा गालिचा भिजला. पंढरीशेठच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी घाईने, "चला, पोर लाजली, होऊ द्या बेंजो!" म्हटलं आणि बेंजो सुरू झाला. जानकीबाई बायकांतून वाट काढत वर आल्या, नातीला उचलून पदरात गुंडाळलं आणि कुणाकडे न बघता खाली उतरल्या. क्षितिजा तिथेच गुडघ्यावर होती. मी तिच्या हातात, तोंड उघडं टाकून.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं तुळजा मला मारेल, फेकेल, माझं एखादं बटण उपटेल. मी त्याची वाट बघत होते. तिने मला टोपलीतून काढलं, नीट घडी केली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला आजीला दिलं. बस. तिथून तिने स्पॅनिशचा एकही शब्द उच्चारला नाही.

क्षितिजाने हरतऱ्हेने प्रयत्न केले. गाणी लावली. पप्पांना रोज फोनवर बोलायला सांगितलं. मितेशने तिकडच्या नमस्कारातलं "ओला, तुळजा" म्हटलं की ती फोन उलटा करून ठेवायची. हट्ट नाही, रडणं नाही. मोठ्या माणसासारखी शांतपणे उलटा करायची. मितेश चिडून म्हणाला, "तू घाई केलीस, क्षितिजा." सातासमुद्रापलीकडून चूक दाखवायला काही खर्च येत नाही.

लग्नाची फिल्म आली तेव्हा सगळे टीव्हीपुढे बसले. फिल्मवाल्याने तो स्टेजवरचा तुकडा तसाच ठेवला होता, वर गुलाबी बदामही उडवले होते. चांगदेव मध्येच उठून बाहेर गेले. आत आले तेव्हा म्हणाले, "तेवढं कापून टाकायला सांगा त्याला." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "माजी चूक झाली, पोरी." क्षितिजाने मान हलवली. ती चांगदेवांना दोष देतच नव्हती. तिला दोषी माणूस आधीच सापडलं होतं, आणि ते तिच्याच अंगात राहत होतं.

शेवटी जूनमध्ये एका दुपारी तिने मला फळीवरून काढलं. मागच्या पायरीवर तुळजाच्या शेजारी बसली. मला हातात घातलं आणि दीड वर्षाचा नियम मोडला. मी पहिल्यांदा मराठीत बोलले.

"तुळू, माझं चुकलं गं. मला सगळं कळतं. मला मराठी येतं. तू बोल, काय हवं ते बोल."

तुळजाने माझ्याकडे बघितलं. गोडाऊनमागचा ट्रक पिंपिं करून थांबला तरी बघत होती. मग तिने विचारलं, "तुला येत होतं?"

"हो."

"मंग तवा का न्हाय बोललीस?"

मी तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. आवाज क्षितिजाचा, आणि ती रडत होती. तिने मला हातातून काढून पायरीवर ठेवलं. तो हात पुन्हा कधी माझ्यात आला नाही.

ऑगस्टमध्ये कागद झाले. बॅगा भरल्या, उघडल्या, पुन्हा भरल्या. सुकट, मसाला, तुळजाचे स्वेटर. शेवटी क्षितिजाने मला वर धरून विचारलं, "लोलाला घेऊया?" तुळजाने मान हलवली, डावीकडे आणि उजवीकडे. जानकीबाईंनी मला घेतलं आणि स्वयंपाकघरात, फोन चार्जिंगला लावतात तिथल्या खिळ्याला अडकवलं. गाडी गेल्यावर त्या बराच वेळ दारातच उभ्या होत्या.

आता पाच महिने झाले. मी खिळ्याला आहे. बटणांवर फोडणीचं तेल बसलंय. फोन माझ्याखालीच वाजतो, म्हणून जे नको ते सगळं मला ऐकू येतं.

परवा क्षितिजा फोनवर सासूला सांगत होती, "आई, शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. चार महिन्यांत तिने वर्गात एक शब्द काढला नाही. त्यांना वाटलं तिला स्पॅनिश येत नाही. मी म्हटलं, येतं हो, तिला खूप येतं. ती चिंबोरीला काय म्हणतात ते सांगेल, पाऊस सांगेल, भूक सांगेल. त्या बिचाऱ्या चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, आम्ही थांबू. पण आई, डब्याच्या सुट्टीत ती भिंतीला टेकून उभी राहते. पोरं खेळायला बोलवायची, आता बोलवत नाहीत. कालच्या दिवशी तिचा फ्रॉक..." इथे ती थांबली. पुढचं सांगायची गरजही नव्हती. जानकीबाई म्हणाल्या, "रडू नको. घरात बोलते ना?" मग क्षितिजा म्हणाली, "मान हलवते."

जानकीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनची वेळ झाली तशी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. भाकऱ्या थापून राठ झालेला त्यांचा हात माझ्यात मोठ्या मुश्किलीने शिरला, शिवणीचे दोन टाके तुटले. चांगदेवांनी फोन समोर धरला. पडद्यावर तुळजा आली. केस कापलेले, गाल वाळलेले, अंगात लाल स्वेटर. जानकीबाईंनी मला फोनपुढे नाचवलं.

"तुले, वलखलंस? मी लोला. बग, मना आता आगरी येतंय. तू तिकडं कोनाशी बोलत न्हायस ना, मंग माज्याशी बोल. एक शब्द बोल, बाय माजी. कंचाबी."

तुळजा हसली नाही, रागावली नाही. थोडा वेळ तिने आजीच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि खुर्चीवरून उतरून निघून गेली. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली. जानकीबाईंनी हात खाली घेतला नाही. त्या रिकाम्या खुर्चीला त्या सांगत राहिल्या की अंगणातली मांजर व्यायली, भावेशकाकाने नवी गाडी घेतली, ओहोटीला पोरं निवट्या पकडायला जातात. शेवटी क्षितिजा खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "आई, खाली ठेवा हात. ती आतल्या खोलीत गेली."

जानकीबाई हट्टी आहेत. उद्या पुन्हा फोन येईल, त्या पुन्हा मला हातात घालतील. घालू नका, असं मला त्यांना सांगायचं आहे, पण त्यांच्या हातात गेले की मी त्यांचंच बोलते. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात एखादं पोर कोपऱ्यात बसून चिंधीशी काही बोलत असेल, तर बोलू द्या. ते ऐकायला पाहुणे बोलावू नका. आणि त्याने कुठल्याही भाषेत हाक मारली, तर तो शिकायचा तास आहे की काय हे न बघता आधी ओ द्या.

क्षितिजा अजून वहीत शब्द उतरवते म्हणे. तिथल्या बाई अजून थांबल्या आहेत. सगळ्यांना वाटतं, पोरीला बोलता येत नाही. येतं. आपण घाबरून हाक मारली, तर समोरचं कळूनसुद्धा कळत नाही म्हणतं, एवढं ती जाणते. पाचव्या वर्षी, भरल्या मांडवात, तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने तिला ते दोनदा सांगितलं. माझ्याकडून ती बरंच काही शिकली आणि सगळं टाकून दिलं. एवढं मात्र तिने टाकलं नाही.